दोन्ही हात ताटाला

आमच्या सासऱ्यांना, म्हणजे आप्पांना, दुसऱ्याची फजिती बघायची भारी हौस. दिवसभर दुकानात गिऱ्हाइकाची बघायची, जेवताना लेकांची बघायची आणि संध्याकाळी टीव्हीवर अख्ख्या जगाची. राजारामपुरीत खाली कापडाचं दुकान आणि वर आम्ही सगळे, असं आमचं घर. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. मी ह्या घरात धाकटी सून म्हणून आले, त्याच सुमाराला घरात केबलही आली, आणि खरं सांगते, मानपान केबलला जास्त मिळाला.

त्या काळात टीव्हीवर एक नवीनच खूळ निघालं होतं. माणसाला साधं काम द्यायचं, उदाहरणार्थ पाढा म्हण किंवा सुईत दोरा ओव, आणि मग ते त्याला करू द्यायचं नाही. कुठं अंगावर गार पाण्याचा फवारा, कुठं मांडीवर उंदीर, कुठं कानाशी भोंगा. परदेशातला एक गडी गळ्यात साप घेऊन वजाबाक्या करत होता, आणि त्याच्या किंकाळ्यासुद्धा कुणीतरी हिंदीत भाषांतर करून घातल्या होत्या. आप्पा म्हणायचे, "ह्यास्नी घरला कामं न्हाईत काय गा?" आणि कार्यक्रम संपेपर्यंत जागचे हलायचे नाहीत. जाहिरात लागली की आतल्या दिशेनं हाक, "च्या टाका!"

मला त्या खेळांचा राग यायचा तो वेगळ्याच कारणानं. अहो, ह्यात परीक्षा कसली? आमच्या स्वयंपाकघरात सकाळी येऊन बघा म्हणावं. एका बाजूला कुकरच्या शिट्ट्या, दुसऱ्या बाजूला मिक्सर. एक पोर मोजा शोधतंय, दुसरं पाढा चुकतंय, खालून दुकानातला नोकर जिन्यात उभा राहून चहा मागतोय, गॅसवाला बेल दाबतोय आणि आप्पांना त्याच क्षणी त्यांचा चष्मा हवाय, जो त्यांच्या कपाळावर आहे. ह्या सगळ्यात माझी थोरली जाऊ भाकरी थापायची. भाकरी गोल, फुगलेली, आणि पाढा कुठं चुकला तेही तिथूनच सांगायची. तिच्यावर कुणी कॅमेरा लावला नाही, टाळ्या तर लांबच.

ह्या थोरल्या जावेला मी आक्का म्हणते. ती आजऱ्याकडची. माहेरी भातशेती, दारात म्हशी. डी.एड. झालेली, लग्नाआधी वर्षभर शाळेत शिकवलेलं. लग्नानंतर नोकरीचा विषय निघाला की आप्पा म्हणायचे, पोरं मोठी होऊ दे. पोरं मोठी झाली. आणि दोन हजार सालानंतरच्या एका उन्हाळ्यात, घरापासून दोन गल्ल्या सोडून असलेल्या एका शाळेनं तिला बोलावणं धाडलं. जूनपासून तिसरीच्या वर्गाला बाई हवी होती. आक्कानं नवऱ्याला विचारलं. भावजी म्हणाले, आप्पांना विचार. आमच्या घरातल्या दोन्ही भावांना हे एकच वाक्य येत होतं आणि ते दोघंही ते फार छान म्हणायचे.

आक्कानं विचारलं तेव्हा आप्पा टीव्हीपुढंच होते. पडद्यावर एक पोरगी कानाशी ढोल वाजत असताना महिन्यांची नावं उलटी म्हणत होती आणि ऑगस्टपाशी अडकली होती.

"बघ, बघ," आप्पा म्हणाले, "सोताचं नाव तरी सांगील का आता? बायकांचं लक्ष एका जागी ऱ्हाईल तर शपथ. आन् तू चाळीस पोरं सांभाळणार?"

"घरात सांभाळतो की," आक्का म्हणाली. आमच्याकडं बायकाही जातो, येतोच म्हणतात. पुण्याच्या पाहुण्यांना हसू येतं, येऊ दे.

तेवढ्यात पडद्याच्या तळाशी आमच्या केबलवाल्याची पट्टी सरकली. त्यानंही असाच खेळ काढला होता, आपल्या गावातल्या चॅनेलवर, नाव 'लक्ष कुठं हाय?', महिलांसाठी खास भाग, नावनोंदणी चालू. आप्पांनी ते मोठ्यानं वाचलं आणि मांडीवर थाप मारली.

"जा की ह्यात! ह्यात जिंकून ये आन् दुसऱ्या दिवशी शाळंत जा. म्या आडवा आलो तर इचार."

"शब्द दिलासा न्हवं?"

"दिला की!" आप्पा हसत म्हणाले. दोन्ही लेक हसले. मी आक्काकडं बघितलं. ती हसत नव्हती. दुसऱ्या दिवशी पोरांना शाळेत सोडून येताना तिनं नाव देऊनच टाकलं.

कार्यक्रम एका मंगल कार्यालयात होता. लग्नाचीच कमान, लग्नाच्याच खुर्च्या, फक्त नवरा-नवरीच्या जागी जिलेटीनचे रंगीत दिवे. सूत्रसंचालक म्हणजे तो केबलवालाच, एरवी लग्नाचं शूटिंग करणारा. चमचमती शेरवानी घालून आला होता. माइकवर हिंदी झाडायचा आणि माइक खाली केला की, "ए बाळ्या, वायर बघ की रं मुडद्या!" कुणी चुकलं की तो ओरडायचा, "लक्ष कुठं?" आणि सगळं कार्यालय एका सुरात, "हाय!" ह्यात अर्थ काय, हे त्यालाही ठाऊक नसावं. पण आमच्या गावाला ओरडायला मिळालं की अर्थाची फारशी गरज पडत नाही.

आप्पांना पहिल्या रांगेत खुर्ची दिली होती, कारण कार्यक्रमाचे पडदे आमच्या दुकानातून फुकट गेले होते. मी बरोबर त्यांच्या मागं, बायकांच्या रांगेत. भावजी आणि आमचे हे, दुकान बंद कसं ठेवायचं म्हणून, आलेच नाहीत.

खेळ असा. पितळेचं ताट, त्यात दुधानं काठोकाठ भरलेले पेले. ताट दोन्ही हातांनी छातीशी धरून उभं राहायचं आणि विचारतील त्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. दूध सांडलं किंवा ताटावरचा एक जरी हात सुटला की बाद. बाकी तुमच्यावर काय सोडायचं ते त्यांच्या मर्जीवर.

आधीच्या बायांची जी दैना झाली ती काय सांगू! एका ब्युटी पार्लरवाल्या बाईंच्या पायात कोंबडी सोडली. त्या ताटासकट खुर्चीवर चढल्या आणि कोंबडी त्यांच्या मागून चढली. एक कॉलेजची पोरगी रबरी पालीला घाबरली नाही, पण पाल सोडणारा पोरगाच घसरून पडला तेव्हा तिला जे हसू फुटलं ते मेकअप उतरेपर्यंत थांबलं नाही. महिला मंडळाच्या अध्यक्षा तर पहिल्याच हलगीला ताट खाली ठेवून केबलवाल्याला झापायला लागल्या. आप्पा पोट धरधरून हसत होते. मीही हसले, उगाच खोटं कशाला सांगू?

मग आक्का आली. मोरपंखी सुती साडी, पदर खांद्यावर नीट पिन लावून घेतलेला, केसांत साधा गजरा. ताट हातात घेतलं आणि पाय जरा फाकवून उभी राहिली. डोक्यावर गवताचा भारा घेऊन बांधावर उभं राहणाऱ्या बाईची ती उभं राहायची तऱ्हा मी ओळखली. मला वाटलं, आता मजा येणार.

हलगी सुरू झाली, अगदी कानाशी. केबलवाल्यानं विचारलं, भारताचं राष्ट्रीय फूल कोणतं? आक्कानं सांगितलं. कोंबडी सोडली. कोंबडी तिच्या पायाशी आली, तिनं पायानंच तिला बाजूला सारलं, जशी रोज माहेरी सारत असेल, आणि पुढचं उत्तर दिलं. मानेवर बर्फ ठेवला. तिनं खांदा एकदा वर केला, बस्स. पेल्यातलं दूध थरथरलं, पण सांडलं नाही. मिरचीची धुरी केली तेव्हा पहिल्या तीन रांगा खोकत उठल्या, स्वतः केबलवाल्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या, आणि आक्का त्याच धुरात उभी राहून सूर्यमालेतले ग्रह सांगत होती. आमच्या घरात रोज लसणीची फोडणी बसते, तिला धुरीचं काय कौतुक?

मग त्यानं हलकटपणा केला. माइक खाली करून तिच्या कानाशी जाऊन म्हणाला, "वहिनी, घराकडनं फोन आलाय. तुमचा धाकटा शाळेच्या जिन्यावरनं पडलाय." पहिल्या रांगेपर्यंत ऐकू आलं. मी खुर्चीतून अर्धी उठलेच. आक्का त्याच्याकडं न बघता म्हणाली, "आज रविवार हाय. पुढचा प्रश्न इचारा." कार्यालयात अशा शिट्ट्या पडल्या की विचारू नका. मी तर उभी राहून ओरडले, "शाब्बास आक्का!" माझ्या पुढं आप्पांची मान मात्र हलली नाही. हसणं थांबलं होतं.

शेवटचा बाण म्हणून केबलवाल्यानं म्हैस आणली. होय, मंगल कार्यालयात म्हैस. शिंगं रंगवलेली, गळ्यात घुंगरं, अंगावर रेशमी झूल, गवळी पुढं. म्हशीला स्टेजवर चढवायला चौघं लागले. तिनं दुधाचा वास घेतला आणि ताटाकडं मान लांब केली. आक्का फक्त म्हणाली, "हो मागं." आवाज चढवला नाही. म्हैस मागं सरली. सरली ती सरली, आणि मागं सरून तिनं स्टेजच्या लाल गालिच्यावर पोटभर शेण टाकलं. झालं! कार्यालयाचा मॅनेजर धावत आला. त्याच्यात आणि केबलवाल्यात गालिच्यावरून खरंखुरं भांडण जुंपलं, आई-बापापर्यंत गेलं, हलगीवाला सोडवायला मध्ये पडला. केबलवाल्याच्या सगळ्या योजनेत नव्हता असा हा एकच अडथळा, आणि तो सगळ्यांत मोठा. आक्का ताट धरून उभीच होती. तीच शेवटी म्हणाली, "भाऊ, शेवटचा प्रश्न ऱ्हायलाय न्हवं?"

मला रडू यायला लागलं होतं. मी मनात तिला शाळेत पोचवलंही होतं. हातात खडू, पुढं तिसरीची पोरं, हे सगळं मला दिसत होतं.

केबलवाल्यानं शेरवानी सारखी केली, प्रश्नाचा कागद उचलला आणि तोंड उघडलं. आणि त्याच वेळी आप्पा खोकले.

हा खोकला काय आहे ते सांगायला हवं. आप्पा दुकानातून वर यायला लागले की कुणाला हाक मारत नाहीत. जिन्याच्या वरच्या पायरीवर थांबतात आणि घशातल्या घशात दोनदा खाकरतात. एक आखूड, एक लांब. तो आवाज आला की घरातल्या सुनांनी पदर डोक्यावर घ्यायचा. कुणी शिकवलेलं नाही. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आक्कानं घेतलेला बघून मी घेतला, तिनं सासूबाईंचा बघून घेतला असेल. पुढं पुढं तर ते आपण करतो हेही कळेनासं होतं. हात पिठात असला तर कोपरानं, पण पदर डोक्यावर जातोच. आमच्यासारख्या सगळ्याच घरांत हे असंच, फक्त सासऱ्यागणिक खोकल्याची चाल वेगळी.

तर आप्पा तसे खोकले. एक आखूड, एक लांब. आणि आक्काचा उजवा हात ताटावरून सुटला, वर गेला, पिन ओढून पदर डोक्यावर आला. ताट कललं. पेले एकावर एक पडले आणि सगळं दूध तिच्या मोरपंखी साडीवरून खाली ओघळलं.

धूर केव्हाच गेला होता. मी मागंच बसले होते. ठसका लागलेल्या माणसाचे खांदे हलतात, आप्पांचे हलले नव्हते. खाकरून झाल्यावर त्यांनी मिशीवरून बोट फिरवलं आणि खुर्चीत सैल होऊन बसले. ते मी माझ्या ह्या डोळ्यांनी बघितलं. आणि आणखी एक सांगते, सांगताना अजून अंगाची आग होते. माझाही हात वर गेला होता. माझाच काय, आमच्या अख्ख्या रांगेचा गेला होता. शेजारच्या बाईला मी ओळखतही नव्हते. तिचे सासरे वारून वर्षं झाली असं तिनंच नंतर सांगितलं, आणि तीही पदर सावरत होती.

"लक्ष कुठं?" केबलवाला ओरडला.

"हाय!" गाव ओरडलं.

नक्की काय झालं ते केबलवाल्याला आधी कळलंच नाही. म्हशीला न हलणारी बाई हलली कशानं? मग कुणीतरी सांगितलं, तेव्हा तो नाचायचाच बाकी राहिला. त्यानं आप्पांना हाताला धरून स्टेजवर नेलं, शेणाला वळसा घालून, आणि 'आजचा सर्वोत्तम अडथळा' म्हणून त्यांना कॅसरोल दिला. जिंकणाऱ्या बाईसाठी आणलेला. आप्पांनी तो दोन्ही हातांनी घेतला. आक्का बाजूला ओल्या साडीत उभी होती, डोक्यावर पदर, आणि कॅमेऱ्यात दोघंही आले.

घरी येताना रिक्षात मी न राहवून म्हणाले, "आप्पा, शेवटी का खोकलासा?"

"आता खोकला आला त्येला मी काय करू? मिरची काय थोडी जाळली व्हय त्यानं?" आणि मग आक्काकडं वळून, "म्या न्हाई म्हटलंतं काय? जिंकली असतीस तर उद्या पाठवलंच असतं की."

आक्का रस्त्याकडं बघत होती. तिनं एवढंच विचारलं, दुधात किती वेळ भिजली तर सुती साडीचा रंग जातो. तिसरीच्या वर्गाला दुसरी बाई मिळाली.

केबलवाल्यानं तो भाग वर्षभर पुन्हा पुन्हा दाखवला आणि वर आप्पांना सीडी करून दिली. पाहुणा आला की चहाआधी सीडी. "बघा तर पावणं, सुनंचा पोग्राम!" म्हैस आली की थांबवायची, तिच्यावर बोलायचं, मग पुढं. खोकल्याचा भाग दोनदा. आणि त्याहून वाईट सांगू? टीव्हीतले आप्पा खोकले की आत स्वयंपाकघरात आक्काचा हात पुन्हा वर जायचा. सीडीतल्या खोकल्याला! ती स्वतःच थबकायची, हाताकडं बघायची. एकदा मी म्हणाले, "आक्का, ती सीडी मी फोडते." ती म्हणाली, "नको. असू दे. मला लागती."

मला तेव्हा कळलं नाही. पण मग लक्षात आलं. सीडी लागली की ती काहीतरी हातात घ्यायची. परात, नाहीतर पाण्याची कळशी, नाहीतर पोळपाट. आणि दाराआड उभी राहायची. पहिले कितीतरी दिवस हात सुटायचाच.

पुढच्या उन्हाळ्यात त्याच शाळेतल्या एका बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि आक्काला पुन्हा बोलावणं आलं. आप्पांचं उत्तर तयार होतं. "हरलीस न्हवं? शब्द म्हंजे शब्द. आता जिंकशील तवा बघू."

त्याच आठवड्यात राज्याच्या सीमेपलीकडून आप्पांचे एक जुने व्यापारी स्नेही आले, बायकोला घेऊन, लेकीच्या लग्नाचा बस्ता बांधायला. मोठे पाहुणे. आप्पांनी लगेच सीडी लावली. म्हैस झाली, शेण झालं, पाहुणे खदखदून हसले. मी सोप्यात बशा मांडत होते. आक्का चहाचं ताट घेऊन आतून आली. तसंच पितळेचं, कप काठोकाठ. कप इतके कुणी भरत नाही. ती बरोबर टीव्हीच्या बाजूला, आप्पांच्या समोर येऊन उभी राहिली. पदर खांद्यावर.

टीव्हीतले आप्पा खोकले. पाहुण्यांच्या बायकोचा हात डोक्याकडं गेला. माझा अर्ध्यापर्यंत गेला, तो मी मान खाजवायला वळवला. आक्काचे दोन्ही हात ताटाला होते, तिथंच राहिले.

आप्पांनी तिच्या डोक्याकडं बघितलं. पाहुण्यांकडं बघितलं. आणि खरोखरचे खोकले. एक आखूड, एक लांब. मग पुन्हा एकदा, मोठ्यानं.

"खोकल्याचं औषध देऊ काय, आप्पा?" आक्का म्हणाली. आवाज थरथरत होता, ताट नाही. "पावणं, जरा बघा. एक थेंब सांडलाय काय?"

पाहुणे पुढं वाकले, निरखून बघितलं. त्यांना वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग. "न्हाई वो! जिंकली की तुमची सून!" आणि टाळ्या वाजवल्या.

"मग सोमवारपासनं शाळंत जातो," आक्का म्हणाली. "आप्पांनी शब्द दिलाय."

आप्पा एवढ्या चारचौघांत काय बोलणार? टीव्हीवर स्वतःच कॅसरोल घेऊन हसत उभे होते. "जा की," ते म्हणाले, "म्या कुठं धरून ठेवलीय?" आणि चहाचा कप घाईनं तोंडाला लावला. चहा कडकडीत होता. आता मात्र त्यांना ठसका लागला, खराखुरा, खांदे हलवणारा, डोळ्यांत पाणी आणणारा.

मी उठले, पाणी आणलं, त्यांच्या हातात दिलं आणि ठसका जाईपर्यंत शेजारी उभी राहिले. पदर खांद्यावरच राहू दिला.